वरून जबाब

नत्थुजीचं पत्र येऊन दोन वर्षं होत आली होती आणि कमलाकांतने त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. विसरला म्हणावं तर तेही नाही. पत्र त्याला पाठ होतं. अमरावतीला अंबागेटच्या आत त्याची एक खोली होती. तिथल्या फळीवर ते पत्र कधी या पुस्तकात, कधी त्या पुस्तकात खूण म्हणून राहायचं, आणि पुस्तक उघडलं की मजकुराआधी तेच हाताला लागायचं.

पत्र बार्शीटाकळीजवळच्या नत्थुजीच्या गावातल्या मास्तरांनी लिहिलेलं होतं. वरचा 'कृतानेक नमस्कार' मास्तरांचा. खालचं सगळं नत्थुजीचं, तो बोलला तसं. "शेतात विहीर घेऊन राहिलो. काळी माती गेली, मुरूम गेला, आता पाषाण लागला. हॅमर मीच धरतो. वरतं तुमी पायजे. दुसऱ्याच्या भरवशावर मी आत उतरत नाई. कधी येता ते कळवा. घरून सुभद्रेचा नमस्कार."

एवढंच. याला उत्तर द्यायला काय लागतं? पण कमलाकांत लिहायला बसला की लेखणी अडायची. 'येतो' लिहावं तर तो माणूस त्या एका शब्दावर विसंबून विहिरीत उतरणार. 'येत नाही' लिहावं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण एकच होतं: कमलाकांतला ऐकू येत नव्हतं. डावा कान पार गेलेला, उजवा जेमतेम. ही गोष्ट त्याने जगात कोणालाही सांगितलेली नव्हती. नत्थुजीला वाचता येत नाही, म्हणजे उत्तर मास्तर वाचणार, तेही पारावर बसून, खणखणीत आवाजात. नत्थुजी ज्याला 'महाराज' म्हणतो तो अमरावतीचा माणूस बहिरा झाला हे साऱ्या गावाला कळणार. त्यापेक्षा उद्या लिहू, असं म्हणत त्याने दोन उन्हाळे घालवले.

तो एका वाचनालयात नोकरीला होता. ही जागा त्याला मानवली होती. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि लोक ती पाळत. पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचे, तो पुस्तक काढून द्यायचा. कधी कोणी तोंडाने काही विचारलंच तर तो बोटाने पाटी दाखवायचा. मोठा शिस्तीचा माणूस, असं लोक म्हणायचे.

कमलाकांत मुळात मशीनवर गेला तोही पुस्तकामुळेच. लढाई संपल्यावर लष्कराने जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा भगवंतराव नावाच्या कंत्राटदाराने एक ट्रक घेतला होता. साधा ट्रक नव्हे. माल ठेवायच्या जागी कॉम्प्रेसर बसवलेला, म्हणजे गाडीला दोन इंजिनं: एक गाडी ओढायला, दुसरं हवा दाबून टाकीत भरायला. टाकीतून लांब रबरी नळ्या निघायच्या आणि नळीच्या टोकाला हॅमर लावला की त्या हवेच्या जोरावर छिन्नी काळ्या पाषाणात घुसायची. विहिरी खोल करायच्या, रस्त्यासाठी दगड फोडायचा, अशी कामं भगवंतरावांच्या डोळ्यांपुढे होती. पण गाडी आणली आणि नुसती उभी राहिली. मिस्त्री हुशार होता. पण मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत, आणि ते वाचणारं कोणी नाही.

कमलाकांतचे वडील महादेवराव पुराण सांगायचे आणि भगवंतराव ऐकायला येऊन बसायचे. एके दिवशी पुराण संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा कमलाकांत इंटरपर्यंत शिकला ना? आठ दिवस पाठवा. नुसतं पुस्तक वाचून मिस्त्रीला सांगायचं."

इंटर नापास झालेला, घरात कोणाच्या नजरेला नजर न देणारा कमलाकांत त्या आठ दिवसांसाठी गेला आणि सात वर्षांनी परत आला.

तो इंग्रजी वाक्य वाचायचा, मराठीत सांगायचा, मिस्त्री पाना फिरवायचा. असं करता करता इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, आणि आजूबाजूचे सगळे कानांवर हात ठेवून मागे सरले. कमलाकांत सरला नाही. त्या आवाजात त्याला जन्मात पहिल्यांदा मोकळं वाटलं. चार माणसांत बसलं की काय बोलावं याची त्याला धास्ती असायची. इथे कोणी बोलूच शकत नव्हतं, तेव्हा याच्याकडून बोलण्याची अपेक्षाही नव्हती. त्याने वरचं काम मागून घेतलं. गाडीजवळ बसायचं, टाकीच्या काट्यावर लक्ष ठेवायचं, खालच्या माणसाला हवी तेवढी हवा सोडायची. फावल्या वेळात मांडीवर पुस्तक. ज्या आवाजाने त्याला आसरा दिला तोच आवाज एकीकडे त्याचे कान खात होता, हे कळायला पुढे तीन-चार वर्षं लागली.

खालचा माणूस नत्थुजी. अंगाने काटक, वयाने कमलाकांतपेक्षा थोडा मोठा. घरची शेती होती, पण कोरडी. ती धाकट्या भावावर टाकून हा दुसऱ्यांच्या विहिरी खोल करत हिंडायचा. पहिल्याच दिवशी त्याने कमलाकांतला 'महाराज' म्हटलं.

"मला महाराज नका म्हणू."

"मंग काय म्हनू? साहेब म्हनलं तं भगवंतराव रागावते. कमलाकांतराव म्हनेपर्यंत जेवन थंडं होते."

महाराजच राहिलं.

त्या दोघांची काम करायची एक रीत पडली. विहिरीच्या तोंडाशी गाडी, गाडीपासून खाली गेलेली नळी, नळीच्या टोकाला नत्थुजी. वर-खाली बोलणं अशक्य. इतर जोड्यांत खालचा माणूस गळा फाडून ओरडायचा आणि वरचा काठावरून वाकून 'काय म्हनतं बे?' विचारायचा. नत्थुजी कधी ओरडला नाही. त्याने पहिल्या उन्हाळ्यानंतर खुणा ठरवल्या. हॅमरचा कॉक दोनदा बंद करून दोनदा उघडला की हवा थांबवा. तीनदा केला की दोर सोडा. कमलाकांत नळीवर तळहात ठेवून बसायचा. हॅमर चालू असला की नळी अंगात आल्यासारखी थरथरायची. ती थरथर दोनदा तुटली की खूण हाताला कळायची. मग वरूनही जबाब द्यायचा, म्हणजे टाकीचा मोठा कॉक एकदा बंद करून उघडायचा, की खाली हॅमर एक उचकी देई. ती उचकी आल्याशिवाय नत्थुजी पुढचं काही करायचा नाही, नुसता थांबून राहायचा. "जबाब नाई भेटला तं खालच्या मानसाचं काही खरं नाई, महाराज," एवढं त्याने एकदा समजावून सांगितलं होतं. कमलाकांतला वाटलं, माणूस अबोल आहे, घसा वाचवतो.

तसा तो संध्याकाळी बोलायचा. काम थांबलं, भाकर झाली की कमलाकांत कंदील घेऊन बसायचा आणि नत्थुजी म्हणायचा, "होऊ द्या सुरू." मग कमलाकांत वाचून दाखवायचा. पोथी, कादंबरी, जुन्या मासिकातली प्रवासवर्णनं, हाताला लागेल ते. नत्थुजी नेहमी त्याच्या उजव्या अंगाला बसायचा, उजेडाकडे तोंड करून. कोणी आधीच ती जागा धरलेली असली तर त्याला उठवायचा. "सरक ना बे, ही मायी जागा हाये." कमलाकांतला या हट्टाचं हसू यायचं. वाचताना आपणच बोलायचं असतं, दुसऱ्याने ऐकायचं असतं. त्या तासाभरात त्याला कसलीच अडचण पडत नसे.

एक गोष्ट मात्र विचित्र घडली होती. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर काम होतं. इंजिन थंड झालेलं, कमलाकांत रस्त्याच्या कडेने पुस्तक वाचत चालला होता. एकाएकी नत्थुजीने त्याला दंडाला धरून इतक्या जोरात बाजूला ओढलं की पुस्तक पडलं. पाठोपाठ सरकीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक धूळ उडवत गेला. धूळ बसली तेव्हा नत्थुजी शांतपणे म्हणाला, "काडी हाये का, महाराज?" कमलाकांतने काडेपेटी काढून दिली. नत्थुजीची बिडी तर पेटलेलीच होती. हे त्याच्या लक्षात आलं, पण त्यावर त्याने फार विचार केला नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती दोघांनाही लागून राहायची. हॅमरने भोकं पाडून झाली की त्यांचं काम संपायचं. मग सुरुंग लावणारे यायचे, फुटलेला दगड गाववाले काढायचे, आणि तोवर गाडी पुढच्या गावाला गेलेली असायची. इतक्या विहिरी खोल केल्या, पण कुठे पाणी लागलं, कुठे नाही, हे त्यांना कधी कळलंच नाही.

"पानी लागलेलं आपन पायलंच नाई," नत्थुजी एकदा म्हणाला होता. "माह्या वावरात विहीर घेईन तवा दोघं काठावर बसून पाहू. तिथून कोन हाकलते आपल्याले?"

मग तिवसा आलं. तिवशाच्या कामावरून नत्थुजी चार दिवस घरी गेला होता आणि खाली खुशालराव नावाचा दुसरा गडी उतरला होता. खुशालराव कामाला वाईट नव्हता, पण गडबड्या. दुपारी कमलाकांतच्या हाताखाली नळीची थरथर बदलली. कुठेतरी काही सैल झालंय असं वाटलं. पण खूण आली नाही. आपल्यालाच भास होतोय की काय, उगाच हवा बंद केली तर खुशालराव वर येऊन चार शब्द सुनावेल, अशा विचारात तो तसाच बसला. तेवढ्यात विहीरमालकाच्या गड्याने त्याला खांद्याला धरून गदागदा हलवलं. त्याने कॉक बंद केला. तोवर खाली नळी जोडातून सुटून विहिरीत सापासारखी आपटत होती आणि तिचा एक फटका खुशालरावच्या खांद्यावर बसला होता.

खुशालराव दोराने वर आला तो लालबुंद. "बहिरे झाले का, महाराज? नरडं फाटलं न माह्यं!"

जमलेले लोक हसले. राग आला की माणूस असं बोलतोच, असं समजून हसले. एकट्या कमलाकांतला ठाऊक होतं की ही शिवी नव्हती. इंजिन बंद झालेलं आणि सगळे हसत होते. त्याला फक्त उघडलेली तोंडं दिसत होती.

खांदा आठवड्यात बरा झाला. पण कमलाकांत त्याआधीच गेला. वडिलांचं दुखणं वाढलंय, असं त्याने भगवंतरावांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. महादेवराव त्याच वर्षी वारले. नत्थुजी गावाहून परत आला तेव्हा गाडीजवळ दुसराच कोणी बसलेला होता. कमलाकांतने त्याच्यासाठी निरोपसुद्धा ठेवला नव्हता. काय ठेवणार? 'आज खुशालरावचा खांदा गेला, उद्या तुमचं डोकं जाईल' असं?

त्यानंतर वर्षाने ते पत्र आलं होतं.

यंदा चैत्रात तो अकोल्याला बहिणीकडे गेला. कुंदा त्याची धाकटी बहीण, तिचे यजमान वकील, घर माणसांनी भरलेलं. अशा घरात कमलाकांतचा एक उपाय ठरलेला होता: सगळ्यांकडे पाहून हसायचं आणि मान हलवायची. मागच्या खेपेला या उपायाने त्याला चांगलंच गोत्यात आणलं होतं. जेवताना कोणी पाहुणे काहीतरी म्हणाले, याने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलेला होता. संबंध दुपार मुलांचे हलणारे ओठ पाहून शेवटी सगळ्यांत जास्त हातवारे करणाऱ्या मुलीला त्याने पहिला नंबर दिला. निकाल अचूक लागला असं सगळे म्हणाले.

कुंदाचा मात्र समज होता की दादा शिष्ट झालाय. "आमचं बोलणं तुझ्या कानात कुठलं शिरायला, तुझी पुस्तकं बरी," असं ती यंदा ताट वाढताना म्हणाली. नेमकं हेच वाक्य त्याला नीट ऐकू आलं. तो हसला आणि त्याने मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी निघाला. अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला, हातात पुस्तक. पाठीवर थाप पडली म्हणून वळून पाहिलं, तर खुशालराव. मिशा पांढऱ्या झालेल्या, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. तो केव्हापासून बोलत असावा. ओठ भराभर हलत होते. अकोट, ट्रॅक्टर असं काही काही कळलं. कमलाकांतने सवयीने हसून मान हलवायला सुरुवात केली. मग त्या ओठांवर त्याला 'नत्थुजी' दिसलं, आणि त्याची मान थांबली.

खुशालराव पुढे बोलतच होता. नत्थुजीचं काय? बरा आहे की नाही? आता मान हलवली तर कळायचं नाही. आणि न कळता अमरावतीला गेलो तर पुन्हा ती खोली, ती फळी, ते पत्र.

"खुशालराव," तो म्हणाला. आवाज किती मोठा निघतोय याचा त्याला अंदाज नव्हता. शेजारच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली म्हणजे मोठाच असावा. "मला ऐकू येत नाही. या बाजूला बसा. हळू बोला."

झालं. निघालं तोंडातून. तो खुशालरावच्या तोंडाकडे पाहत राहिला.

खुशालराव उठून उजव्या बाजूला येऊन बसला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "ते ठाव हाये ना मले."

"काय ठाऊक आहे?"

"का तुमाले आयकू येत नाई. सगळ्याइले ठाव हाये."

"सगळ्यांना?"

"मंग! भगवंतरावाले ठाव, मिस्त्रीले ठाव. नत्थुजीनं सांगतलं होतं. तिवश्याच्या लय आंधी. नवा गडी आला का त्याले बाजूले घेऊन सांगे, महाराजाले वरडाचं नाई, त्याइचे कान गेले. कॉक दोनदा बंद करजा, वरचा मानूस हातानं आयकते. अन् त्याइले दाखवजा नोको का आपल्याले ठाव हाये. त्याइले वाईट वाटते."

स्टँडवर गाडी येऊन लागली, माणसं धावली, धूळ उठली. कमलाकांतला मूर्तिजापूरचा रस्ता दिसत होता. तो ट्रक हॉर्न वाजवत आला असेल, साऱ्या रस्त्याने वाजवत. आणि नत्थुजीने तोंडातली पेटलेली बिडी लपवायलासुद्धा वेळ न मिळता काडी मागितली होती. उजवी बाजू. उजेडाकडे केलेलं तोंड. 'सरक ना बे, ही मायी जागा हाये.'

"मग तिवशाला तुम्ही का ओरडलात?" त्याने विचारलं. रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं होतं.

खुशालरावने उपरण्याने तोंड पुसलं. "घाबरलो न बावा! जोड सुटाले लागला, डोकं कामच नाई केलं. मानूस घाबरला का मायलेच हाका मारते, कॉक कोनाले आठवते? वर आलो अन् तोंडातून काहीबाही निंघून गेलं. तुमी गेल्यावर नत्थुजीनं मले महिनाभर बिडी नाई देल्ली. समोर पेत बसे, पन देत नसे."

"तो कसा आहे?"

"खोकते. दगडाची धूळ गेली न छातीत. पन ताठ हाये. विहीर तशीच पडली त्याची, पाषाणावर येऊन थांबली. दोन गाड्या वापस पाठोल्या त्यानं. मी बी गेल्तो ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर घेऊन, फुकटात करून देतो म्हनलं. म्हने, वर महाराज पायजे. मी म्हनलं, अरे बाप्पा, त्याइले तं ढोल वाजवला तरी आयकू येत नाई! तं म्हने, आयकनाऱ्याचं ध्यान चार जागी राह्यते. महाराजाचा हात नळीवरून हालत नाई."

कमलाकांतने मांडीवरचं पुस्तक मिटलं.

खुशालराव जरा पुढे झुकला. "आता आयका. भगवंतरावाची ते जुनी गाडी सध्या बार्शीटाकळीच्या कामावर उभी हाये. आखजी झाली का भंगारात चालली. नत्थुजीनं भगवंतरावाले सांगून ठेवलं, जाच्या आंधी माह्या वावरात आना. आखजीपावतर महाराजाचा जबाब आला तं ठीक, नाई तं कोनीबी वर बसो, मी उतरतो म्हने. वर बसाले नवा पोट्टा हाये. त्याले नळी म्हनजे काय ते बी धड ठाव नाई. अन् नळ्या त्याच हायेत, आपल्या टाइमच्या."

"त्याच नळ्या?"

"त्याच. जागोजागी तार गुंडाळली हाये."

अक्षय्य तृतीया आठवड्यावर आलेली होती.

"तुमी नाई म्हनून तरी कळवाचं होतं, महाराज," खुशालराव म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. "खालच्या मानसाले जबाब नाई भेटला तं तो थांबूनच राह्यते. तुमाले का सांगा लागते?"

मग त्याची अकोटची गाडी लागली. जाताना त्याने डोक्याचं उपरणं सोडून कमलाकांतच्या समोर, दिसेल असं, हलवलं.

कमलाकांत बसून राहिला. अमरावतीची गाडी आली, भरली आणि गेली, तरी उठला नाही. इतकी वर्षं जी गोष्ट त्याने जिवापाड लपवली ती सगळ्यांना माहीत होती. आणि ती सांभाळून घ्यायला एक माणूस, चार जणांना बाजूला घेऊन, आपल्या हुशारीने रीत बसवत होता. आपण त्याला साधा निरोपही न ठेवता निघून आलो. आणि जी माणसं आपल्या पाठीमागे इतकी काळजी घेत होती, त्यांच्यात राहूनही आपण एकटेच होतो, असं आपल्याला वाटत राहिलं. यावर हसावं की रडावं हे त्याला कळेना.

बरं, त्याला माहीत होतं म्हणून भीती संपते थोडीच? तिवशाला थरथर बदललेली हाताला कळली होतीच की. तेव्हा आपण आपल्याच हातावर विश्वास ठेवला नाही. उद्या पुन्हा तसंच झालं तर? आता तर इतक्या वर्षांत नळीला हातही लावलेला नाही. उजव्या हाताचा तळवा उलटून त्याने पाहिला. वाचनालयातला मऊ, पांढरा हात. पण तो नवा पोरगा, तारा गुंडाळलेल्या नळ्या आणि खाली खोकणारा नत्थुजी, हे चित्र त्याहून वाईट होतं. आपण फार चांगले नाही, पण त्या पोरापेक्षा बरे असू. एवढं तरी म्हणता येईल, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि हे बजावतानाही त्याला दोनदा शंका आली.

तडक बार्शीटाकळीच्या गाडीत बसावं असंही मनात आलं. पण वाचनालयाच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या. उद्या कुलूप त्यालाच उघडायचं होतं, रजा मागायची होती. आणि रीत अशी होती की आधी जबाब द्यायचा. माणूस खाली थांबलाय.

स्टँडजवळच पोस्ट होतं. त्याने पाकीट मागितलं, मग हात मागे घेतला आणि कार्ड घेतलं. कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, मास्तर वाचतो, ज्याच्या हातात पडेल तो वाचतो.

टेबलाला दोरीने बांधलेली दौत-लेखणी होती. पहिल्या कार्डावर त्याने 'आपले कृपापत्र यथाकाळी पोचले, परंतु काही अपरिहार्य' इथपर्यंत लिहिलं आणि ते फाडून दुसरं घेतलं. त्यावर त्याने सलग, न थांबता लिहिलं:

"नत्थुजी, मला ऐकू येत नाही. तुम्हाला ठाऊक होतं, हे आज मला कळलं. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. मी येईपर्यंत विहिरीत उतरू नका. नळ्या आधी मी पाहीन, तारेच्या नळीवर काम करायचं नाही. खुणा त्याच. पाणी लागेपर्यंत राहीन. वहिनींना नमस्कार. मास्तर, हे पारावर मोठ्याने वाचावं. कमलाकांत."

शाई वाळेपर्यंत तो कार्ड हातात धरून उभा राहिला. पुन्हा वाचलं. 'पाणी लागेपर्यंत राहीन' हे जरा जास्तच झालं की काय, असं वाटलं. खोडावं म्हणून लेखणी उचलली, आणि तशीच ठेवून दिली.

बाहेर लाल पेटी होती, उन्हाने तापलेली. त्याने डावा तळहात पेटीवर टेकला, सवयीने, आणि उजव्या हाताने कार्ड आत सोडलं. कार्ड हलकं, हाताला काही जाणवलं नाही. आतल्या बाकीच्या पत्रांवर ते कुठेतरी जाऊन पडलं असणार. तळव्याला चटका बसेपर्यंत त्याने हात तिथून काढला नाही.